आमच्या परसातला निशाचर

परसातल्या पपया पिकायला लागल्या की रात्रीत पोखरल्या जायच्या. झाडावरच, बाहेरून साल शाबूत आणि आत चमच्यानं खरवडल्यासारखी पोकळी. आई म्हणाली, "वटवाघूळ." बाबा म्हणाले, "शेजारी! आपली जास्वंदही तोच नेतो." मला मात्र पहाटे न्हाणीमागं आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास यायचा, त्यावरून मी ओळखलं, उदमांजर! त्याच्या अंगाचा वास अस्साच असतो. हे ऐकून आई उठली आणि आधी गॅस बंद आहे का ते बघून आली.

पहिल्या रात्री मी कॅमेरा नि फ्लॅश घेऊन डासांच्या सेवेत बसलो. दोनच्या सुमारास पपईवर काहीतरी हललं. मी फ्लॅश उडवला. पानांत धडपड, मग कौलांवर पळापळ. फोटोत पपई फार सुरेख आली. नंतर कळलं, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांपुढं फ्लॅश उडाला की जनावराला क्षणभर काही दिसत नाही, आणि ते असतं फांदीवर. मला फारच ओशाळवाणं झालं. एवढं सगळं एका पपईपायी!

मग ट्रॅप कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपला आपण फोटो काढणारा, घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "८५० की ९४०?" मला वाटलं किंमत. दोन्ही घेतो म्हणणार होतो. तर ती अवरक्त दिव्यांची तरंगलांबी निघाली, नॅनोमीटरमध्ये. ८५०चे दिवे अंधारात मिणमिणते लाल दिसतात. ९४०चे डोळ्यांना दिसत नाहीत, पण उजेड लांबवर पोचत नाही. खरी किंमत मात्र कुठल्याही अंधारात दिसली असती. उदमांजराची एकदा माफी मागायची होती, म्हणून ९४०.

त्याला आठ पेन्सिल सेल लागतात. चार बीपीच्या यंत्रातून काढले, दोन रिमोटमधून, एक भिंतीवरच्या घड्याळातून आणि एक गॅसच्या लायटरमधून. त्या संध्याकाळी आईची मालिका, चहा आणि वेळ तिन्ही थांबलं. खिळा न ठोकता पोफळीला पट्ट्यानं कॅमेरा बांधला.

चोवीस तासांत ४१२ फोटो! ४११ केळीच्या पानाचे. या कॅमेऱ्याला हलणारी ऊब कळते, आणि दुपारी तापलेलं पान वाऱ्यानं डुललं की त्याला ते जनावरच वाटतं. मान मोडून एकेक बघत गेलो.

उरलेला एक, पहाटे ५ वाजून १० मिनिटांचा. गडग्यावर ओणवे झालेले बाबा. अंगात बनियन, हातात आकडी, आणि आकडीत शेजाऱ्यांचा अनंत. टाचा उचललेल्या, जीभ किंचित बाहेर. इतका नैसर्गिक फोटो मी जन्मात काढला नव्हता.

बाबांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला.

"त्यापेक्षा तो लाल दिसणारा घ्यायचास," ते म्हणाले. "माणसाला कळलं तरी असतं."