‘गाडी सुसाट होती’ हे उत्तर पुरत नाही

निकोला कालिपारी हे इटलीच्या लष्करी गुप्तचर संस्थेचे अधिकारी. ४ मार्च २००५ च्या रात्री, नऊला दहा मिनिटं असताना, बगदाद विमानतळाकडे जाताना ते मारले गेले. गोळ्या शत्रूच्या नव्हत्या, अमेरिकेच्या होत्या, आणि त्या वेळी इटलीचे सुमारे तीन हजार सैनिक इराकमध्ये अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. महिनाभर ओलीस राहिलेल्या जुलियाना स्ग्रेना या पत्रकार बाईंना सोडवून कालिपारी घेऊन चालले होते. गोळ्या सुटताच त्यांनी त्यांना स्वतःच्या अंगाखाली घेतलं. त्या जखमी झाल्या, पण वाचल्या. कालिपारी जागीच गेले.

या मृत्यूचा विषय निघाला की एक ठरलेला दावा पुढे येतो. इटालियन गाडी ताशी शंभरच्या वेगाने चेकनाक्यावर चालून आली, हातवारे, दिवे, इशाऱ्याच्या गोळ्या कशालाच जुमानली नाही. इटलीने अमेरिकेला काही कळवलं नव्हतं. संयुक्त चौकशीत सैनिक निर्दोष ठरले आणि खुद्द इटलीच्या न्यायालयानेही खटला काढून टाकला. म्हणजे चूक इटलीचीच. ऐकायला सगळं चोख वाटतं, पण एकेक टाका उसवून पाहा.

‘चेकनाका’ या शब्दापासूनच गडबड आहे. चेकनाका म्हटलं की फलक, अडथळे, वेग कमी करायला लावणारी वळणं डोळ्यांसमोर येतात. इथे होती ती तात्पुरती नाकाबंदी. विमानतळ रस्त्याला मिळणाऱ्या चढणीच्या जोडरस्त्यावर लष्करी गाड्या आडव्या लावलेल्या, हातात दिवा, गाडीवर मशिनगन. सूचनाफलक नव्हता. पुढे अमेरिकेच्याच अहवालाने अशा ठिकाणी गोळीबाराआधी वापरता येतील असे अडथळे असावेत, अशी शिफारस केली. शिफारस करावी लागली, यातच काय ते आलं.

आता वेग. शंभरच्या घरातला आकडा बातम्यांमधून पसरला, उपग्रहाने टिपला म्हणून. अमेरिकी लष्कराच्या अधिकृत अहवालात मात्र ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर आहे. गाडी चालवणारा इटालियन अधिकारी बचावला होता. त्याच्या जबानीवर विसंबून इटलीच्या अहवालाने ४० ते ५० किलोमीटर म्हटलं, आणि ओला रस्ता व जोडरस्त्याचं वळण पाहता त्याहून जास्त वेग शक्यच नव्हता असंही मांडलं. कोण खरं, हे आज छातीठोक सांगता येणार नाही, आणि त्याचं कारण पुढे येतंच. पण अमेरिकेचा आकडा धरला तरी काय निघतं? ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिवा अंगावर पडल्यापासून गाडी थांबेपर्यंत अहवालाच्याच हिशेबाने सात-एक सेकंद गेले. त्या सात सेकंदांत डोळे दिपलेल्या माणसाने अंधारात ओळखायचं की समोर मित्र आहे की अपहरणकर्ते, आणि मग ब्रेक दाबायचा. तिकडे गोळी झाडणारा सैनिकही एका हाताने दिवा आणि दुसऱ्या हाताने मशिनगन सांभाळत होता! (हातवारे अमेरिकी लष्कराच्या पहिल्या निवेदनात होते. रात्री पावणेनऊनंतर, झोताच्या मागून केलेले हातवारे कोणाला दिसणार होते, देव जाणे.)

सैनिकांची बाजूही सांगायला हवी. तो रस्ता इराकमधला सर्वांत धोक्याचा म्हणून ओळखला जायचा, आत्मघाती गाड्या तिथे नित्याच्या होत्या. ही तुकडी न्यूयॉर्क नॅशनल गार्डची, म्हणजे त्या राज्याच्या अर्धवेळ सैनिकांच्या दलाची, त्या भागात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्यांची भीती खोटी नव्हती.

पण ते तिथे उभे का होते? माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, आणि दाव्यात नेमकं हेच गाळलेलं असतं. नाकाबंदी होती अमेरिकी राजदूत जॉन नेग्रोपोन्टे यांच्या ताफ्यासाठी. हवा खराब म्हणून ते रस्त्याने निघाले होते. थोड्या वेळाचं काम, मग हलायचं, अशी तुकडीची कल्पना. राजदूत गोळीबाराच्या अर्धा तास आधीच मुक्कामी पोहोचले होते. ते नाक्यावरच्यांना कोणी कळवलंच नाही. दोन तुकड्यांमधली इंटरनेटवरची फोनव्यवस्था बंद पडली होती. आता हलू का, म्हणून विचारल्यावर उत्तर आलं, थांबा. तेव्हा चालकाचा पाय आणि सैनिकाचं बोट यांवर वाद घालण्याआधी, ज्याचं काम संपलं होतं तो नाका उभा ठेवणाऱ्यांना विचारायला हवं.

‘इटलीने कळवलं नव्हतं’ यात अर्धं तथ्य आहे. ओलिसाची सुटका गुप्त ठेवली होती आणि नाक्यावरच्या सैनिकांना तिचा पत्ता नव्हता. पण विमानतळावर इटालियन जनरलसोबत एक अमेरिकी अधिकारीही कालिपारींची वाट पाहत होता. आणि ज्या यंत्रणेला स्वतःच्या राजदूताची खबर स्वतःच्या नाक्यापर्यंत पोहोचवता आली नाही, तिने परक्या गाडीची पोहोचवली असती, हे कशावरून मानायचं?

आता ती ‘संयुक्त’ चौकशी. त्यात दोन इटालियन प्रतिनिधी होते हे खरं. पण एप्रिलच्या अखेरीस दोन्ही देशांनी एकमत झालं नाही असं जाहीर केलं आणि वेगवेगळे अहवाल काढले. निर्दोषत्व आहे ते अमेरिकेच्या अहवालात. इटलीच्या अहवालात तक्रार अशी की पुरावे जागच्या जागी राहिलेच नाहीत. मोजमाप होण्याआधी वाहनं हलवली गेली होती, मग वेग आणि अंतर पक्कं ठरवणार कसं? गंमत म्हणजे अमेरिकेने काळ्या पट्ट्या मारून प्रसिद्ध केलेल्या अहवालातला झाकलेला मजकूर नुसता कॉपी-पेस्ट केला की वाचता येत होता. राजदूतांचं नाव आणि सैनिकांची नावं अशीच बाहेर आली.

त्यातूनच पुढे रोममध्ये खटला उभा राहिला, आरोपी, म्हणजे गोळी झाडणारा सैनिक, गैरहजर. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पण कशासाठी? परक्या देशाच्या सैनिकाने कामगिरीवर असताना केलेल्या कृतीवर खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही, म्हणून. गोळीबार योग्य होता की अयोग्य, या प्रश्नापर्यंत न्यायालय गेलंच नाही. याला ‘निर्दोष’ म्हणणं म्हणजे फाटकातूनच परत फिरलेल्या पाहुण्याला जेवून गेला म्हणण्यासारखं आहे.

उलट्या टोकाचा दावाही तितकाच कच्चा. अमेरिकेने मुद्दाम मारलं, शेकडो गोळ्या झाडल्या, असं सांगणारे अजून भेटतात. गाडीला लागलेल्या गोळ्या ११ होत्या. आणि अमेरिकेशी एकमत नाकारणाऱ्या इटलीच्या अहवालातही हेतुपुरस्सर गोळीबाराचा पुरावा नाही असंच लिहिलं आहे. तिथे बोट आहे ते ताण आणि अननुभवाकडे.