पार्टी डिसेंट आहे

भाड्याने फ्लॅट शोधतोय. आत्ताच्या मालकांचा मुलगा अमेरिकेहून परत येतोय म्हणे (दर अकरा महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा येतोच). म्हणून परवा कर्वेनगरात एक वन बीएचके बघायला गेलो आणि अजून डोकं शांत झालेलं नाही.

एजंटकडे विशेषण एकच. जिन्यात पिचकाऱ्या, तरी सोसायटी डिसेंट. समोरची बाल्कनी इतकी जवळ की त्यांच्या पोह्यांवर इकडून लिंबू पिळता येईल, तर व्ह्यू डिसेंट. पाणी? "डिसेंट येतं सर." डिसेंट येतं म्हणजे काय, चपला बाहेर काढून, बेल वाजवून येतं का? तर सकाळी तासभर येतं, पण प्रेशर डिसेंट. बाथरूमचं दार लागत नव्हतं, तेही "फॅमिलीसाठी डिसेंट".

लग्नाच्या बाजारातही हेच. आमची एक मावशी स्थळं सुचवते, "मुलगा डिसेंट आहे" म्हणाली की समजायचं दिसायला नाही, पगार नाही, पण अजून कुणी तक्रारही केलेली नाही.

असो. तर मग त्याने मालकीणबाईंना फोन लावला, तोही स्पीकरवर.

"काकू, पार्टी आणलीये."

"कशी आहे?"

त्याने मला वरून खाली सावकाश बघितलं. मी तिथेच उभा, हातात हेल्मेट. "डिसेंट आहेत."

म्हणजे बाथरूमच्या दाराच्या रांगेत मी.

"आयटीत का?"

"नाही काकू, पण डिसेंट आहेत."

हा 'पण' मला अजून टोचतोय.

"व्हेज ना?"

त्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं बुधवार, शुक्रवार, रविवार.

"ऑकेजनली काकू. डिसेंट खातात."

"आडनाव काय म्हणालास?"

त्याने आडनाव सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "नाही, मी आपलं सहज विचारलं, आम्ही तसलं काही मानत नाही हो, पण वरचे-खालचे सगळे डिसेंट लोक आहेत ना."

इथे मला हसू यायचं बंद झालं. घराला लावला तर हा शब्द म्हणजे 'चालवून घ्या', आणि माणसाला लावला की आडनाव, ताट, लग्न झालंय का, सगळं चाळून घ्यायची सोय. तोंडावर कुणी काही बोललं असंही नाही, भांडणार कशावर?

वर मी विचारलं करार रजिस्टर करणार ना, तर एजंट म्हणे "नोटरी करून टाकू, डिसेंट पडतं." आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55, करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, नाही केला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी सांगितल्यावर पहिल्यांदाच त्याने मला सर म्हणायचं सोडलं. "साहेब, तुम्ही वकील आहात का? काकूंना वकील चालत नाहीत."

ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, त्यात घासाघीस नाही.

आता रविवारी काकू स्वतः येणारेत, बायकोलाही घेऊन या म्हणाल्यात, बघायचंय म्हणे. फ्लॅट आम्ही बघायचा होता ना? आणि रविवारच का, आमच्याकडे सुरमई असते.