निनावी कसे राहावे? अगदी सोप्पं!

सर्वात आधी झकास टोपणनाव घ्या. मी 'मौनीबाबा' घेतलं. फोटो ढगाचा, ईमेल नवा, जन्मतारीख खोटी. मग ॲपने 'तुमच्या सुरक्षेसाठी' मोबाइल नंबर मागितला. देऊन टाका! एवढ्या काळजीने विचारतात बिचारे. तिसऱ्याच दिवशी मावसभावाचा फोन. "काय मौनीबाबा, साहेबांवर बरंच तोंड सोडलंयस!" मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. पण या पठ्ठ्याने कधीकाळी आपली अख्खी कॉन्टॅक्ट लिस्ट ॲपच्या हवाली केली होती. त्यात माझा नंबर. झालं! 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणत ॲपने माझा ढग त्याच्यापुढे आणून ठेवला. त्याच्यापुढे, आणि आणखी कोणाकोणापुढे ते देव जाणे. साहेबांच्या फोनमध्येही माझा नंबर आहेच.

ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे 'गुप्त', खिडकी वापरा. कोणत्या साइटवर गेलात ते इंटरनेट कंपनीला दिसतंच, पण टोपी-चष्म्याचं ते चित्र काय रुबाबदार आहे!

कुकीज? 'सर्व स्वीकारा'. नाकारायचं बटण सापडेपर्यंत म्हातारे व्हाल.

लपून बसला असाल तर फोटो काढून घ्या. 2012 साली पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या अँटिव्हायरसवाल्या जॉन मॅकाफींनी घेतला होता. भेटायला आलेल्या पत्रकारांच्या फोनने फोटोत जीपीएसचे आकडे ठेवले आणि स्वारी ग्वाटेमालात असल्याचं जगजाहीर झालं. फोन त्यांचा नव्हताच, हे लक्षात घ्या.

आणि 'डेटा निनावी करूनच वापरतो' यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. 2006 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख लोकांचे सर्च, नावांच्या जागी आकडे घालून, खुले केले. काही दिवसांत पत्रकार एका बाईंच्या दारात हजर! बाईंनी आपण कोण ते कुणाला सांगितलं नव्हतं, नुसतं शोधलं होतं.

अरे, पण माझा नंबर मावसभावाने द्यायचा आणि तुम्ही घ्यायचा, हा व्यवहार ठरला कधी? मला विचारलंत? सुरक्षेसाठी घेतलेला नंबर ओळखपरेडीला वापरता, लाज नाही वाटत? आणि तुम्ही हो, वाचणारे! टॉर्चच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले तेव्हा 'अलाउ' दाबताना अंगठा जरा तरी अडखळला का? टॉर्चला कशाला हवेत तुमचे काका-मामा? ती यादी तुमच्या एकट्याच्या मालकीची नाही!

मावसभावाला समोर बसवून ॲपला दिलेली कॉन्टॅक्टची परवानगी काढून घ्यायला लावली. आधी चढवलेली यादी वेगळी पुसावी लागते, तीही पुसायला लावली.

"पण दादा," तो म्हणाला, "मग ओळखीचे लोक सापडणार कसे?"