पेशवाई लुक आणि इंदूरची नवरी

इंदूरच्या मराठी मुली लग्नात ज्याला 'आपला ट्रॅडिशनल लुक' म्हणतात ना, तो इंदूरचा नाहीच आहे. तो ब्राइडल मॅगझिनमधून आलाय. त्या अंकांमध्ये महाराष्ट्रीयन ब्राइडचं एक पान ठरलेलं असतं, शिवलेली नऊवारी, मोत्यांची नथ, चंद्रकोर, खांद्यावर शेला. एक पान बंगाली नवरीला, एक तमिळ, बाकी सगळा अंक लेहंगे आणि ज्वेलरीच्या जाहिराती. आता तीच पानं इन्स्टावर फिरतात. आणि आपण, पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहिलेली माणसं, ते पान बघून मराठी दिसायला शिकतोय!

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. रिसेप्शनचा लेहंगा शीतलामाता बाजारातून, ठीक आहे, तिथे अख्खं इंदूर जातं. पण फेऱ्यांना 'पेशवाई' नऊवारी पुण्याहून मागवणार, शिवलेली, चेनवाली. मी म्हटलं अगं महेश्वर इथून शंभर किलोमीटरसुद्धा नाही, अहिल्याबाईंनी तिथे विणकर आणून बसवले, आणि सुरुवातीला तिथे नऊवारीच विणल्या जायच्या. तर म्हणते मावशी, महेश्वरी ऑफिसला नेसतात, ती ब्राइडल नाही वाटत. आता काय बोलणार. माझ्या आजीची लग्नानंतरची महेश्वरी आईकडे आहे, वांगी रंगाची, काठ असे की उलट-सुलट कशीही नेसा, पदरावर पट्टे, जरीकाम जवळपास नाहीच. फोटोत ती चमकत नाही हे खरंय. तीच गत अष्टपुत्रीची. मामाकडची पिवळी सुती साडी, काही घरांत अजून देतात पण दहा मिनिटं अंगावर ठेवून बदलतात, कारण फोटोग्राफर म्हणतो दीदी फ्लॅट दिखेगा.

बरं ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० ला लग्नात पांढरा ड्रेस घातला, तेव्हा नवऱ्या वाट्टेल त्या रंगाचे कपडे घालायच्या, चांगला असेल तो ड्रेस. आणि १८४९ मध्ये अमेरिकेतलं गोडीज लेडीज बुक नावाचं मासिक छापून मोकळं, की नवरीला पांढरा रंग हा फार पुरातन काळापासूनचा रिवाज आहे म्हणे. नऊ वर्षांत पुरातन! आपल्याकडे २०१७ ला अनुष्का शर्माने इटलीत फिका गुलाबी लेहंगा घातला आणि बघता बघता लाल जुनाट ठरला, पेस्टल आलं. हळदीचं पण तेच, घरच्या बायका मिळून लावायच्या, आता तिला पिवळी थीम आणि वेगळा डेकोरेटर लागतो. काकूंना ड्रेस कोड!

मी काही जुनं ते सोनं वाली नाही हां. मेहंदी, संगीत आपल्या इंदुरी मराठी लग्नांत केव्हाच आलं, आम्ही पण नाचलोय, शेजारी मारवाडी, पंजाबी, त्यांचं बघून उचललं. ते मला आवडतं, कारण ते इथलं आहे, मोहल्ल्यातलं. पण पुण्याच्या स्टुडिओत ठरलेला मराठीपणा कुरिअरने मागवायचा आणि दारातली महेश्वरी ऑफिसला, हे काही पटत नाही बुवा.

अमेरिकेत ब्राइड्स मॅगझिन १९३४ ला निघालं, २०१९ ला छापणं बंद झालं, आता फक्त ऑनलाइन. मतलब कागद गेला, पण काय ब्राइडल आणि काय नाही हे ठरवणारे आहेतच.

भाचीची आई अजून माझ्या बाजूने आहे. कोणी महेश्वरला अलीकडे लग्नासाठी नऊवार विणून घेतली असेल तर कमेंटमध्ये सांगा, किती आधी सांगावं लागतं आणि खर्च किती आला. तयार मिळत असेल तर उत्तमच, पण चेनवाली नको.