ताप आहे? लॅपटॉप जवळ आहे ना?

सिक लीव्ह पॉलिसीत मस्त छापलेली असते, पण मागायला गेलं की पहिला प्रश्न काय, तर "लॅपटॉप जवळ आहे ना?" अहो, माणूस १०२ तापाने फणफणलाय, स्क्रीनवरचे आकडे त्याला दोन-दोन दिसतायत आणि तुम्हाला शीट हवीय? बरं, ती तशीच भरली तर चुका कोण निस्तरणार? परत तोच!

त्यात एखादा शिंकत-खोकत ऑफिसला आला की त्याचं कौतुक, काय डेडिकेशन! डेडिकेशन कसलं डोंबलाचं, नाक पुसलेला तोच हात माउसला, तोच दाराच्या हँडलला, आणि बंद एसी रूममध्ये तासभर मीटिंग. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे ५-७ दिवस पसरू शकतो, म्हणजे एकाची सुट्टी वाचवून अख्खी टीम आडवी. वा रे हिशोब!

दोन दिवसांचं दुखणं मग पंधरा दिवस रेंगाळतं, अंगात त्राण नाही, चिडचिड वेगळीच. आणि एवढं सगळं करून हेच एचआरवाले वेलनेस वीकचा मेल पाठवणार, "स्वतःची काळजी घ्या", खाली फुलांचा फोटो. कधी घेऊ? सुट्टी मंजूर करा की आधी!