उतरलेल्या बॅटरीत ॲसिड ओतू नका

गेल्या आठवड्यात कवठेमहांकाळहून मामांचा फोन आला. "ट्रॅक्टर सेल्फच घेत नाही बघ. बॅटरीत ॲसिडपण घातलं, तरी नाही." ॲसिड घालायला कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "अरे, मोबाईलवर आलंय की." 'कडक उन्हातही बॅटरी आठ वर्षं' असं डोक्यावर लिहिलेला तो मेसेज पुढच्या दोन दिवसांत मलाही चार गटांतून आला. मी मिरजेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. रोज बॅटऱ्या हाताळणाऱ्या माणसाला तो वाचून गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचा पहिला उपाय असा : 'उन्हाळ्यात बॅटरीतलं ॲसिड उडून जातं, म्हणून पातळी कमी झाली की वरून ॲसिड टाका, ताकद दुप्पट होते.' हे धादांत खोटं आहे. बॅटरीतून उडतं ते पाणी. काही उष्णतेनं जातं, काही चार्जिंग होताना हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन जातं. ॲसिड आतच राहतं. म्हणजे पातळी कमी झालेल्या बॅटरीतलं ॲसिड आधीच दाट झालेलं असतं, आणि हा मेसेज त्यात आणखी ॲसिड ओतायला सांगतो.

'पण हायड्रोमीटर ग्रॅव्हिटी कमी दाखवतो,' असं गिऱ्हाईक म्हणतं. हायड्रोमीटर म्हणजे ॲसिडचा दाटपणा मोजायची नळी, आणि ग्रॅव्हिटी म्हणजे तो दाटपणा. कमी दाखवणारच. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि चार्जिंगला लावली की परत द्रवात येतं. उतरलेल्या बॅटरीला ॲसिड नको, चार्जिंग हवं. पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी आपल्याकडे साधारण 1.240 ते 1.280 असते. उष्ण प्रदेशात ती मुद्दाम थोडी कमीच ठेवतात, कारण दाट ॲसिड आणि उष्णता एकत्र आली की प्लेटांची जाळी लवकर कुजते. मामांची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी चार सेल 1.340 दाखवत होते आणि दोन सेल उठलेच नाहीत. दोन वर्षांची बॅटरी भंगारात गेली. मामांच्या मनगटावर भाजल्याचे डाग आहेत ते वेगळेच. डोळ्यात उडालं असतं तर? मेसेजमध्ये चष्म्याचा, हातमोज्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

यात अर्धं सत्य एवढंच, की ड्राय चार्ज, म्हणजे कोरडी येणारी, बॅटरी नवी घेताना दुकानदार तिच्यात ॲसिड भरतो. मामांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणूनच त्यांचा विश्वास बसला. पण ती पहिली आणि शेवटची भरणी. बॅटरी उलटून ॲसिड सांडलं तर तेवढा एक अपवाद, आणि तेही काम दुकानातच करून घ्यायचं.

दुसरा उपाय : 'बोअरचं पाणी गाळून घातलं तरी चालतं.' भारतीय मानक ब्युरोनं फक्त बॅटरीत घालायच्या पाण्यासाठी वेगळं मानक केलेलं आहे, आयएस 1069. कुठलंही पाणी चाललं असतं तर ते कशाला केलं असतं? क्लोराइड आणि लोह हे बॅटरीचे वैरी आहेत, आणि फडक्यानं गाळून क्षार जात नाहीत. आपल्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरे डाग पडतात, तेच क्षार प्लेटांवर जातात. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, हे मान्य, पण त्यातही क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरच घाला.

मेसेजचा पुढचा दावा : 'बॅटरी थंडीत मरते, उन्हाचा काही संबंध नाही.' डिसेंबरच्या पहाटे गाडी सेल्फ घेत नाही, हे खरं. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो. पण तिचं कंबरडं मोडलेलं असतं एप्रिल-मेमध्ये. आमच्या धंद्यातला जुना आडाखा आहे : तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. बाहेर 40 असताना बॉनेटखाली काय असेल, हात लावून बघा.

'जास्त ॲम्पिअरची घ्या' आणि 'वॉरंटीचे महिने मोजा' हे मेसेजमधले उरलेले दोन मुद्दे थोडक्यात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढ्याच ॲम्पिअर-अवरची घ्या. ट्रेमध्ये न बसणारी मोठी बॅटरी क्लॅम्पशिवाय हलत राहते आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर हादऱ्यांनीच जाते. वॉरंटीच्या महिन्यांतले फुकट बदलून मिळायचे किती आणि नुसत्या सवलतीचे किती, हे कार्डावर वाचा.

मेसेजमध्ये नसलेलं, पण घेताना बघायचं ते बॅटरीवरच्या तारखेच्या कोडमध्ये असतं. कोड कळत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांहून जुनी, पत्र्याच्या गोदामात तापत पडलेली बॅटरी घेऊ नका. मीटर लावून 12.6 च्या आसपास व्होल्ट बघा. ज्यांच्याकडून पाणी तपासणं होत नाही, त्यांनी सीलबंद कॅल्शियम प्लेटची घ्यावी. तिचं पाणी कमी उडतं. मात्र आधी गाडीचं चार्जिंग मोजा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. 15 च्या वर जात असेल तर कुठलीही बॅटरी शिजणार, मग ती कितीही महागाची असो.

मामांना नवी बसवून दिली, क्लॅम्प आवळला, चार्जिंग 14.2 आलं. जुनी दुकानात परत केली. ॲसिडचा उरलेला कॅन मात्र अजून त्यांच्या शेडमध्ये, द्राक्षांच्या औषधांशेजारी पडलाय. घरात लहान नातवंडं आहेत. रविवारी जाऊन तो घेऊन येणार आहे.