अण्णांनी त्याग केला नाही, तेच बरं झालं

अण्णा गेले त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारी माणसं अजून येतात आणि चहाचा कप हातात घेता घेता जवळपास सगळे एकच बोलतात, "तुम्हा पोरांसाठी आयुष्य झिजवलं हो त्यांनी." मी मान हलवते. आलेल्या माणसाशी वाद घालायची ती वेळ नसते. पण इथे लिहायचं तर जे वाटतं तेच लिहिते. अण्णांनी आमच्यासाठी पुष्कळ केलं, पण स्वतःला पुसून टाकून नाही केलं. त्यांची एक गोष्ट होती, कबड्डी, आणि ती त्यांनी ना आमच्यासाठी सोडली, ना आईसाठी, ना गिरणीसाठी.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बापावरच्या कविता तुम्हीही वाचल्या असतील. झिजलेली चप्पल, फाटका बनियन, पोराला नवे कपडे आणि स्वतःला काही नाही. मला त्या कवितांचा राग येतो. त्यांतल्या बापाला काही आवडतच नाही. त्याला मित्र नाहीत, तो कशात रमत नाही. पोरं जन्माला येण्याआधी हा माणूस कोण होता, असा प्रश्न त्या कवी मंडळींना कधी पडत नाही.

आमचे अण्णा पाटण तालुक्यातले. १९६६ साली, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं तेव्हा, मुंबईत आले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहिले. निजायला वळकटीएवढी जागा, जेवायला खानावळ, आणि कापडगिरणीत बदली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बदली कामगाराने रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्या दिवशी काम, नाहीतर आल्या पावली परत. कित्येकांची वर्षंच्या वर्षं अशी गेली.

अण्णांना कायम करून घेतलं ते त्यांच्या डाव्या कोपऱ्यामुळे. हे वाक्य ते स्वतः फार ऐटीत सांगायचे. गिरण्यांच्या आपापल्या टीम होत्या, गिरण्या-गिरण्यांमध्ये चुरस होती, आणि चांगला खेळणारा पोरगा दुसऱ्या गिरणीने उचलू नये म्हणून त्याला कायम करायचे. गावात अण्णा हुतूतू खेळायचे, इकडे आल्यावर त्याचीच कबड्डी झाली. संध्याकाळी वाडीच्या मैदानात खेळताना त्यांना त्यांच्याच खात्यातल्या एका जॉबरने, म्हणजे मुकादमाने, पाहिलं आणि खात्याच्या मास्तरांच्या कानावर घातलं. म्हणजे आमच्या घरात जो पहिला कायमचा पगार आला, तो या खेळाने आणला. तेव्हा 'घरदार सोडून खेळत बसायचे' असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. खेळला म्हणून तर घर झालं.

आता कोपऱ्याबद्दल थोडं, कारण अण्णा समजायचे तर कोपरा समजायला हवा.

कबड्डीत नाव होतं ते चढाई करणाऱ्याचं. टाळ्या त्याला, पोस्टरवर फोटो त्याचा. कोपरारक्षक टोकाला उभा असतो, बहुतेक वेळ काहीच न करता. चढाईपटू दम घुमवत येतो, मध्यरेषेच्या आसपास नाचतो, हूल देतो. कोपऱ्याने हलायचं नाही. कारण गडी कितीही नाचला तरी त्याला निदान रेषा ओलांडावीच लागते. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. कोणाला न शिवता आणि ती न ओलांडता परत गेला तर तो बाद. म्हणजे कधी ना कधी तो आत येणार. अण्णा म्हणायचे, "त्याला यायचंच हाय. आपन कशाला घाई करायची?" तो आत येतो, पाय लांबवतो, परत फिरायला म्हणून वजन एका पायावर घेतो, आणि त्या क्षणी त्याचा घोटा धरायचा. आधी झेपावलात तर तो तुम्हालाच शिवून जातो, उशीर केलात तर हातात माती. घोटा एकदा हातात आला की मात्र सोडायचा नाही, बाकीचे येईपर्यंत. त्या दोन-तीन सेकंदांत छातीवर, खांद्यावर, तोंडावर लाथ बसली तरी नाही.

अण्णांच्या समोरच्या दोन दातांपैकी एक खोटा होता. तो कुठल्या सामन्यात गेला याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत.

हे सगळं ते करायचे पाळी संपवून. कार्डिंग खात्यात काम. तिथे पिंजलेल्या कापसाची बारीक धूळ दिवसभर हवेत असायची. भुवयांवर, कानांत, नाकात. घरी आले की आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचे, गुळाने घसा साफ होतो अशी गिरणीत सगळ्यांची खात्री. आणि अशा फुप्फुसांनी हा माणूस रविवारी मैदानात उतरायचा. सामने बहुतेक रविवारी, म्हणजे गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी. सोमवारी कामावरून येताना छाती भरून आलेली, खोकला, श्वास जड. आई दर सोमवारी बोलायची, "काल उड्या मारल्यात ना, भोगा आता." मंगळवार-बुधवारपर्यंत बरं वाटायचं. पुढचा रविवार, पुढचा सोमवार, पुन्हा तेच.

कित्येक वर्षं आमच्या घरात हेच धरून चाललेलं, की खेळाने अण्णांची छाती गेली. अण्णाही कधी उलट बोलले नाहीत, गुन्हा कबूल असल्यासारखे गप्प बसायचे. पुढे एका डॉक्टरांनी, त्यांना छातीच्या आजारांची चांगली जाण होती, अण्णांना फक्त एवढंच विचारलं, "आठवड्यात कुठल्या दिवशी जास्त त्रास व्हायचा?" अण्णा म्हणाले, सोमवारी. डॉक्टर म्हणाले, मग खेळाचा काही संबंध नाही. बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने होणारा आजार. सुट्टीत छातीला थोडी उसंत मिळते आणि पुन्हा धुळीत गेलं की पहिल्याच दिवशी ती आवळते, म्हणून सोमवार. दुखणं मुरलं की मग सगळेच वार सारखे होतात. रविवारी अण्णा कबड्डी खेळत होते की कीर्तनाला बसले होते, याने सोमवार बदलणार नव्हता.

आई त्या दिवशी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी उगाच त्या खेळाला शिव्या घातल्या एवढी वर्षं." अण्णा लगेच म्हणाले, "बाकीच्या कारणांसाठी घातल्यास त्या बरोबर होत्या."

बाकीची कारणं होतीच, ती झाकून काय करू? माझ्या दहावीच्या निकालादिवशी अण्णा नायगावला सामन्याला गेलेले. रात्री उशिरा आले, हातात बक्षिसाचं स्टीलचं पातेलं. आईने ते पातेलं घेतलं आणि बोलायचं ते बोलली. सगळ्या खोल्यांनी ऐकलं. धाकटा भाऊ तापाने फणफणलेला असताना केईएममध्ये आईच घेऊन गेली आणि अण्णा पंच परीक्षेला. अण्णांनी आपलं आवडतं काही सोडलं नाही, हे मला आज मोठं वाटतं खरं, पण त्यातला काही खर्च आईच्या खात्यातून झाला. आईची कबड्डी कुठली होती, हे मला माहीत नाही. तिला विचारलं तर हसते आणि विषय बदलते. घरात एकाने काही राखलं की दुसऱ्याचं काही जातं का दर वेळी? जायला नको. आमच्याकडे गेलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, त्यांच्या सभांना अण्णा जायचे, घोषणा द्यायचे, आणि पहिले काही महिने खरंच वाटायचं की आता होईलच काहीतरी. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो संपला नाही, माणसं संपली. आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली. अण्णांना गिरणीने परत घेतलं नाही.

त्या काळात घर आईने चालवलं, यात वाद नाही. ती आधीपासूनच खानावळ चालवायची, आमच्या त्या एवढ्याशा खोलीत आठ-दहा गाववाले दोन वेळा जेवायचे. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यात आईचंही नाव होतं. संपात तिचे जेवणारेच बेकार झाले. तरी तिने कोणाचं ताट बंद केलं नाही, वहीत मांडत राहिली. त्यातले काही पैसे आले, काही आजवर आले नाहीत.

आणि अण्णा? टीम संपली होती, कारण गिरणीच नव्हती. पण माणसं होती. दुसऱ्या एका गिरणीच्या टीममधला एक चढाईपटू, ज्याला अण्णांनी वर्षानुवर्षं घोट्यात धरून पाडलेलं, तो तोवर एका कंपनीत सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर झाला होता. तो घरी आला आणि म्हणाला, "रात्रपाळी आहे, पगार कमी आहे, पण उद्यापासून या." अण्णांनी पुढची सगळी नोकरी त्याच्या हाताखाली केली. मैदानात ज्याला धूळ चारली त्याला रोज रात्री सलाम करायचा. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. "मैदानातलं मैदानात," एवढंच म्हणायचे. त्या दोघांची मैत्री त्या माणसाच्या शेवटापर्यंत टिकली.

गुडघे गेले तसे अण्णा पंच झाले. श्वास कमी पडू लागला, बाजूने धावता येईना, तेव्हा गुणलेखकाच्या टेबलावर बसले. मग तेही झेपेना तेव्हा प्लास्टिकच्या खुर्चीत, प्रेक्षकांत. दर पायरीला मैदानापासून थोडं लांब, पण मैदान सोडून नाही. सकाळी पेपर आला की आधी स्थानिक कबड्डीचा निकाल, कुठल्या तरी कोपऱ्यात दोन बोटांएवढा छापलेला. मग बाकीचं जग.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, वरळीच्या स्टेडियममध्ये, म्हणजे आमच्या गिरणगावापासून हाकेच्या अंतरावर. यू मुंबा आणि जयपूर. आम्ही टीव्हीवर लावला. मला वाटलं अण्णा नाकं मुरडतील. मॅट, बूट, दिवे, गाणी. त्यांनी मुरडलं नाही. बुटांनी घोट्याची पकड बदलते, तळव्याला मैदान लागत नाही, एवढी एकच तक्रार. बाकी खूश. "कोपऱ्याला पैसे देतात का गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. देतात म्हटल्यावर बराच वेळ पडद्याकडे बघत म्हणाले, "बरं केलं."

आणि २०१८. एशियाडमध्ये १९९० पासून भारताच्या पुरुषांनी सलग सात सुवर्णपदकं जिंकलेली, आणि जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने हरवलं. घरात सगळे तळमळत होते. भाऊ तर पंचांना शिव्या घालत होता. अण्णा इराणच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते, "बघ, हलत नाय. शिकला बघ." ते खरोखर आनंदात होते. आपला खेळ दुसऱ्या कोणाला इतका चांगला येतो, याचा. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

आम्हा भावंडांपैकी कोणीच कबड्डी खेळलं नाही. त्यांनी कधी खेळा म्हटलंही नाही. आपलं वेड पोरांच्या डोक्यावर ठेवायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे. आम्हाला वाढवताना ते कोपऱ्यावरच उभे होते, बहुतेक वेळ काहीच न करता, असं मला हल्ली वाटतं. पण हे लिहिताना थोडी कविता होतेय, आणि कवितांवर वर मी तोंड टाकलेलं आहे, म्हणून सोडते.

खरं सांगायचं काम वेगळंच आहे. अण्णांच्या पेटीत गिरणीच्या टीमचा एकच फोटो निघाला. सात जण उभे, तीन बसलेले, मागे कापडी फलक. फलकावरचं नाव पुसलंय, साल दिसत नाही. चेहऱ्यांपैकी अण्णा आणि तो सुपरवायझर झालेला चढाईपटू, एवढेच ओळखता येतात. हा दुसऱ्या टीमचा माणूस त्या फोटोत काय करतोय, तेही कळत नाही, आणि आईलाही आठवत नाही. श्रमिक जिमखान्यावर किंवा कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धांत सत्तरच्या दशकात कोणाचे वडील, काका, आजोबा खेळले असतील, तर जुनी पेटी जरा उघडून बघा. प्रमाणपत्रं, फोटो, गुणपत्रिका, काहीही. मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा. गिरण्यांच्या जागेवर काय उभं राहिलं याची नोंद सगळ्यांकडे आहे, तिथे कोण खेळायचं याची नाही. मी जमवायला बसले आहे. फोटो पाठवताना माणूस कुठल्या जागेवर खेळायचा तेवढं मात्र नक्की लिहा, आणि कोपरा असेल तर डावा की उजवा तेही.